केडलस्टन हॉल: पाहुण्यांना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी माणसाकडे भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की लंडन बघून झाल्यावर प्रश्न उभा राहतो: आता यांना न्यायचं कुठे? आमचं उत्तर ठरलेलं आहे, डर्बीजवळचं अठराव्या शतकातलं कंट्री हाऊस, केडलस्टन हॉल. तिथे हिंडताना पाहुणे जे विचारतात आणि घरी परतल्यावर व्हॉट्सॲपवर जे विचारत राहतात, ते सगळं इथे एका जागी लिहून ठेवलंय.

कंट्री हाऊस म्हणजे श्रीमंतांचं फार्महाऊस का?

नाही. फार्महाऊसला शनिवार-रविवारी जातात. कंट्री हाऊस हे जमीनदार घराण्याचं मूळ ठाणं. भोवतालच्या हजारो एकरांचा खंड तिथे जमा व्हायचा, कुळांचे तंटे तिथे मिटायचे आणि जिल्ह्यातून पार्लमेंटमध्ये कोण जाणार हेही बरंचसं तिथल्या जेवणाच्या टेबलावर ठरायचं. लंडनमध्ये याच लोकांचं दुसरं घर असे, पार्लमेंटच्या हंगामापुरतं. वजन मात्र गावाकडच्या घराला. म्हणून तर अठराव्या शतकात ही मंडळी एकमेकांवर कडी करत इमारती उठवत होती.

इंग्लंडात अशी शेकडो घरं आहेत. मग हेच का?

दोन कारणं. एक, इंग्लंडमधला नवअभिजात शैलीचा, म्हणजे प्राचीन रोमकडे बघून केलेल्या बांधकामाचा, इतका चोख नमुना दुसरीकडे क्वचितच दिसतो. दुसरं कारण आपल्या जवळचं आहे. या घराच्या आराखड्यावरून कलकत्त्यात गव्हर्नर-जनरलचा राजवाडा बांधला गेला आणि शंभर वर्षांनी याच घरात जन्मलेला माणूस त्या राजवाड्यात व्हाइसरॉय म्हणून राहायला गेला. हा माणूस म्हणजे लॉर्ड कर्झन.

चॅट्सवर्थ हे दुसरं कंट्री हाऊस इथून फार लांब नाही आणि ते जास्त प्रसिद्ध आहे. पण चॅट्सवर्थमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची भर पडत गेली आहे. केडलस्टन एका माणसाच्या डोक्यातून निघालं आणि जवळजवळ तसंच राहिलं. इमारत वाचायला शिकायची असेल तर हे बरं.

हे कुणी बांधलं? कुठे तीन आर्किटेक्टची नावं दिसतात, कुठे एकच.

तिन्ही नावं खरी आहेत. कर्झन घराणं या जमिनीवर बाराव्या शतकापासून आहे. घराण्याचं ब्रीदच असं, की कर्झनांनी जे धरलं ते कर्झनांनी धरून ठेवावं. १७५८ मध्ये सर नॅथॅनियल कर्झनच्या हाती वारसा आला. वय बत्तिशीच्या आसपास, कलेचं वेड आणि शेजारच्या चॅट्सवर्थच्या ड्यूकशी राजकीय वैर. ड्यूक व्हिग पक्षाचे, कर्झन टोरी. जुनं लाल विटांचं घर काही पडायला झालेलं नव्हतं, साठ वर्षंही झाली नसतील त्याला. तरी ते पाडायचं ठरलं आणि १७५९ मध्ये नव्याचं काम सुरू झालं.

पहिले वास्तुविशारद मॅथ्यू ब्रेटिंगहॅम. त्यांनी पॅलाडिओ या सोळाव्या शतकातल्या इटालियन वास्तुविशारदाच्या एका न बांधल्या गेलेल्या आराखड्याचा आधार घेतला: मधे मुख्य इमारत, चार कोपऱ्यांना चार छोट्या इमारती आणि त्यांना मुख्य इमारतीशी जोडणारे बाकदार मार्ग. त्यातली ईशान्येची इमारत त्यांनी बांधली. मग त्यांच्या जागी जेम्स पेन आले. वायव्येची इमारत आणि समोरच्या बाजूचा आराखडा त्यांचा. तेवढ्यात रॉबर्ट ॲडम हा तिशीतला स्कॉटिश गडी इटलीतून रोमन अवशेषांची रेखाटनं घेऊन परतला होता. त्याला आधी फक्त बागेतली बांधकामं दिली होती. त्याची चित्रं बघून मालक इतका भारावला, की १७६० मध्ये सगळं घरच ॲडमच्या हाती गेलं. पेन यांना काय वाटलं असेल, त्याची कल्पना सरकारी टेंडरच्या भानगडी पाहिलेल्या कुणालाही करता येईल. जागेवर देखरेख करायला सॅम्युअल वायट नावाचा माणूस होता. हे आडनाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नॅथॅनियल १७६१ मध्ये पहिला लॉर्ड स्कार्सडेल झाला. म्हणून घरात कुठे कर्झन, कुठे स्कार्सडेल असं दिसतं. घराणं एकच.

समोरून एक घर आणि मागून दुसरंच, असं का वाटतं?

कारण समोरची बाजू मुख्यतः पेनची आणि मागची ॲडमची. उत्तरेकडची बाजू साडेतीनशे फुटांच्या आसपास लांब. मधे सहा उंच कॉरिंथियन (माथ्यावर पानांची नक्षी असलेल्या) खांबांचा दर्शनी मंडप, वर त्रिकोणी शिखर, दोन्हीकडे बाकदार मार्ग आणि टोकांना दोन इमारती. अगदी शिस्तीतली, पॅलाडिओच्या वळणाची. देखणी आहे, पण ऊर दडपावा म्हणून केलेली.

दक्षिणेकडे जा. तिथे ॲडमने रोममधली सम्राट कॉन्स्टंटाइनची विजयकमान उचलून घराच्या मधोमध लावली आहे. चार सुटे खांब, प्रत्येकाच्या डोक्यावर पुतळा, वर सपाट पट्टी, त्यामागून डोकावणारा बसका घुमट आणि खाली हिरवळीवर उतरणारा वळणदार जिना. इमारत पुढे येते, मागे सरते, वर चढते, खाली उतरते. दगडाच्या इमारतीत हालचाल दिसली पाहिजे असा ॲडमचा आग्रह होता. घुमटाचा बाक आणि जिन्याचा बाक एकमेकांना कसं उत्तर देतात हे बघायला हिरवळीवर थोडं मागे जाऊन उभं राहावं लागतं. बहुतेक लोक जिन्यावर फोटो काढतात आणि पुढे जातात.

कमानीवरच्या पट्टीवर लॅटिन मजकूर आहे: १७६५ साल, मालकाचं नाव आणि ‘मित्रांसाठी आणि स्वतःसाठी’. क्रम बघा. आधी मित्र, मग स्वतः. या घराचं गुपित त्यात आलं.

दक्षिणेच्या उरलेल्या दोन कोपऱ्यांवरच्या इमारती बांधल्याच गेल्या नाहीत. त्यामुळे चाराऐवजी दोनच पंख आहेत.

इथे आधी गाव होतं आणि ते हलवलं, हे खरं का?

खरं आहे. मध्ययुगापासूनचं केडलस्टन गाव घराला खेटून होतं. नव्या घरासमोर झोपड्या आणि चिखलाचा रस्ता दिसणं मालकाला परवडणारं नव्हतं. गाव उचलून लांब वसवलं, रस्ता वळवला. इथला ओढा अडवून तळी केली, त्यावर ॲडमकडून तीन कमानींचा पूल बांधून घेतला. पूल वाहतुकीसाठी कमी आणि घराकडे येणाऱ्या पाहुण्याला पहिलं दर्शन नेमक्या कोनातून मिळावं म्हणून जास्त. आज जी ‘नैसर्गिक’ हिरवळ बघून आपण लांब श्वास घेतो, ती अशी आखलेली आहे.

एक इमारत मात्र हलवता आली नाही: ऑल सेंट्स चर्च. ते अजून घराच्या कुशीत उभं आहे. जुन्या गावाची एवढीच खूण शिल्लक.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडात हे काही एकट्या कर्झनने केलेलं नाही. अनेक जमीनदारांनी गावं हलवली. धरणाखाली गाव गेलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यामुळे मराठी पाहुणा या उत्तराशी थांबतो, असं मी पाहिलंय. इथे फरक असा, की पाण्यासाठी किंवा विजेसाठी नाही, नजरेसाठी.

मार्बल हॉलमध्ये खरंच संगमरवर आहे का?

नाव मार्बल हॉल, पण ज्यांच्याकडे सगळे तोंड वर करून बघतात ते वीस खांब अलाबास्टरचे आहेत. अलाबास्टर म्हणजे जिप्समच्या जातीचा मऊ दगड. तो नॉटिंगहॅमशायरमध्ये कर्झनांच्याच जमिनीतून काढला होता. मऊ असल्यामुळे कोरायला सोपा, पण पावसात टिकत नाही, म्हणून घराच्या आत. खांब सुमारे पंचवीस फूट उंच. रंग मलईचा, त्यात हिरवट, तांबूस शिरा. जवळ जाऊन बघा, दोन खांब सारखे नाहीत. एखाद्यात शीर इतकी गडद आहे, की दगड फुटलाय असं वाटावं. खांबांवरच्या उभ्या पन्हळी आधी नव्हत्या. खांब उभे राहिल्यावर त्या जागच्या जागी कोरल्या. एक छिन्नी चुकली असती तर काय, हा विचार मनातून जात नाही.

खोली साधारण ६७ फूट लांब, ३७ फूट रुंद आणि ४० फूट उंच. भिंतींना खिडकी नाही, उजेड वरून पडतो. रोमन घरांच्या मधल्या उघड्या चौकाची ही आठवण. कोनाड्यांत प्राचीन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती आहेत. छताचं नाजूक गिलाव्याचं काम जोसेफ रोझ या त्या काळच्या नामांकित कारागिराचं. जमीन डर्बीशायरच्याच हॉप्टन वुड दगडाची, मधे इटालियन संगमरवराची जडणघडण. म्हणजे संगमरवर आहे, पण पायाखाली.

थंडीत इथे बसायची कुणाची छाती असेल असं वाटत नाही. शेकोट्या आहेत, खोलीच्या आकारापुढे त्या चिमूटभर.

आणि तो गोल घुमटाचा दिवाणखाना?

त्याला सलून म्हणतात. रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळाची ही घरगुती आवृत्ती. व्यास ४२ फूट, घुमटाची उंची ६२ फूट. घुमटाच्या आतल्या बाजूला चौकटी-चौकटींत फुलं आहेत, वर जाताना चौकटी लहान होत जातात, त्यामुळे घुमट आहे त्याहून उंच भासतो. भिंत गोल, म्हणून दारंही गोलाईत वळलेली. सुतारानं ती कशी बसवली असतील याचा विचार करत मी दर वेळी एका दारापाशी रेंगाळते. भिंतीतल्या कोनाड्यांत रोमन यज्ञवेदीसारखं काहीतरी दिसेल. त्या बिडाच्या शेगड्या आहेत, वेदीचं सोंग घेतलेल्या.

मार्बल हॉल आणि सलून एका सरळ रेषेत आहेत. रोमन घराचा चौक आणि त्यामागे देऊळ अशी कल्पना. समोरच्या मंडपातून आत आलेला पाहुणा काळोखी-उजेडी खांबांच्या रांगेतून चालत गोल प्रकाशात येतो. हा रस्ता नाटकाच्या प्रवेशासारखा बसवलेला आहे.

सगळं ठीक, पण माणसं राहायची कुठे?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. विशेषतः आपल्या आया विचारतात, कारण त्या कुठल्याही घरात आधी स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोल्या शोधतात.

उत्तर: मधल्या भव्य इमारतीत कुणी रोजचं राहायचं नाही. कुटुंब ईशान्येच्या पंखात राहत असे. मधली इमारत दाखवायची. उजेडाच्या पहिल्या मजल्यावर पूर्वेला तीन खोल्या, संगीताची, चित्रांची आणि पुस्तकांची. पश्चिमेला जेवणाचं दालन आणि मानाच्या पाहुण्याचा शयनकक्ष, ज्यात ताडाच्या झाडांच्या आकाराचे सोनेरी खांब असलेला पलंग आहे. त्यावर रोज कुणी पाठ टेकत नव्हतं. चित्रांच्या खोलीत जॉन लिनेलने केलेले प्रचंड सोफे आहेत, हातांच्या जागी सोनेरी जलपऱ्या. खाली तळमजल्यावर बसक्या छताचा सीझर्स हॉल आहे, रोजची ये-जा तिथून.

आपल्या जुन्या वाड्याच्या नेमकं उलट हे. वाडा रस्त्याकडे कोरी भिंत आणि एक दिंडी दरवाजा ठेवतो आणि सगळी श्रीमंती आतल्या चौकाभोवती मांडतो. केडलस्टनची श्रीमंती बाहेरून आत येणाऱ्यासाठी आहे. घरच्यांचं जगणं बाजूच्या पंखात ढकललेलं.

स्वयंपाकघर दुसऱ्या पंखात, वायव्येला. तिथून बाकदार मार्गाने अन्न मुख्य इमारतीत यायचं, म्हणजे सूप गरम पोचणं नशिबावर. तिथे ‘वाया घालवू नका, म्हणजे कमी पडणार नाही’ या अर्थाची म्हण रंगवलेली आहे. वीस अलाबास्टरच्या खांबांचा मालक आचाऱ्याला काटकसर शिकवतोय, हे वाचून माझ्या सासूबाई मोठ्यानं हसल्या होत्या.

त्या काळी सामान्य माणसाला आत येऊ देत का?

सामान्य म्हणजे नीटनेटके कपडे केलेला, घोड्यावरून किंवा गाडीतून आलेला. अशा अनोळखी माणसाला आत घेत आणि हाऊसकीपर मिसेस गार्नेट घर फिरवून दाखवत. त्यांचं हातात माहितीपुस्तिका धरलेलं चित्र घरातच आहे. मालकीणबाईंइतकाच रुबाब. चित्रं आणि पुतळ्यांची छापील यादी १७६९ मध्येच निघाली होती. घर पुरतं सजलंही नव्हतं तेव्हा!

१७७७ मध्ये इंग्रजी कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन आणि त्याचा चरित्रकार बॉस्वेल इथे येऊन गेले. बॉस्वेल भारावला, मिसेस गार्नेटच्या स्वच्छ उच्चारांचंही त्याला कौतुक वाटलं. एवढ्या सगळ्याचा मालक सुखी असणार, असं तो म्हणाला. जॉन्सनचं उत्तर असं, की यानं एकच संकट टळतं, गरिबीचं. या इमारतीचा टाऊन हॉल चांगला होईल, असंही तो म्हणाला. खांबांच्या दालनात न्यायाधीश बसावेत, गोल खोलीत ज्यूरी आणि वरच्या खोलीत कैदी. टोमणा होता, पण निदान अचूक होतं. हे घर सार्वजनिक इमारतीसारखंच विचारात घेतलं गेलं होतं आणि म्हणूनच ते कलकत्त्याला चाललं.

म्हणजे हे आपल्याकडून लुटलेल्या पैशावर बांधलंय?

हा समज फार पसरलेला आहे, बहुधा कर्झन या नावामुळे. पण १७५९ मध्ये इथल्या कर्झनांचा पैसा इंग्लंडातल्या जमिनींचा होता. प्लासीला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या पैशावर उठलेलं घर बघायचं असेल तर बर्कशायरमधलं बॅसिल्डन पार्क बघा. बंगालमध्ये गब्बर झालेल्या फ्रान्सिस साइक्सनं ते बांधलं. केडलस्टनचा भारताशी संबंध नंतरचा आहे आणि वेगळ्या प्रकारचा आहे.

अशी जुनी घरं सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं २०२० मध्ये आपल्या ९३ मालमत्तांचा वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध मांडणारा अहवाल काढला, तेव्हा इंग्लंडमध्ये केवढा गदारोळ झाला होता. केडलस्टन त्या यादीत आहे, ते कर्झनमुळे.

कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाऊस याचीच नक्कल आहे ना?

नक्कल नाही, पण आराखडा इथलाच. १७९८ मध्ये लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर-जनरल होऊन आला आणि उपलब्ध घरं त्याला क्षुल्लक वाटली. हिंदुस्थानावर राज्य राजवाड्यातून व्हावं, पेढीवरून नव्हे, असा त्याचा पवित्रा लॉर्ड व्हॅलेन्शिया या प्रवाशानं नोंदवून ठेवला आहे. १७९९ ते १८०३ मध्ये राजवाडा उठला. वास्तुविशारद होते बंगाल इंजिनिअर्सचे कॅप्टन चार्ल्स वायट. केडलस्टनवर देखरेख करणाऱ्या सॅम्युअल वायटचे ते पुतणे. आराखडा समुद्रापार कसा गेला याचं उत्तर अशा नात्यांत सापडतं.

गंमत अशी, की केडलस्टनला जे चार पंख मिळाले नाहीत ते कलकत्त्यात मिळाले. उकाड्यात ते कामालाही आले, कारण कुठूनही वारा आला तरी आत शिरतो. पण केडलस्टनचा मूळ दोषही जहाजात बसून गेला. व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरिन यांनी लिहून ठेवलंय, की स्वयंपाकघर कलकत्त्यात कुठेतरी आहे, या घरात मात्र नाही. आज तिथे पश्चिम बंगालचे राज्यपाल राहतात.

यात मराठ्यांचा काही संबंध येतो का?

येतो आणि दोनदा येतो.

पहिला वेलस्लीमार्फत. दुसऱ्या बाजीरावानं वसईच्या तहावर सही केली ३१ डिसेंबर १८०२ रोजी. त्या वेळी कलकत्त्यातला राजवाडा पुरा होत आला होता. पुढच्या वर्षी वेलस्लीच्या धाकट्या भावानं, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टननं, असईला शिंदे-भोसल्यांशी लढाई केली. राजवाड्याची उधळपट्टी आणि युद्धांचा खर्च, दोन्हींनी कंपनीचे लंडनमधले संचालक वैतागले. यशवंतराव होळकरांनी १८०४ मध्ये कर्नल मॉन्सनच्या फौजेची जी दाणादाण उडवली, तिनं उरलीसुरली पत गेली. १८०५ मध्ये वेलस्लीला परत बोलावलं. नव्या घरात त्याला दोनेक वर्षंच मिळाली.

दुसरा संबंध गोपाळ कृष्ण गोखल्यांचा. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाच्या बैठका याच गव्हर्नमेंट हाऊसमध्ये भरत. मार्च १९०२ मध्ये गोखल्यांनी तिथे अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. सरकारी तिजोरीत शिल्लक दिसते ती रयतेवर जास्त कर बसवल्यामुळे, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. अध्यक्षस्थानी कर्झन. स्वतःच्या जन्मघराच्या आराखड्यावर उभ्या इमारतीत बसून तो फर्ग्युसन कॉलेजमधल्या एका प्राध्यापकाचं गणित ऐकत होता. १९०४ मध्ये गोखल्यांना सीआयई हा किताब मिळाला. पण १९०५ च्या बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाशी केली. मवाळ म्हणवणाऱ्या माणसाच्या तोंडून!

कर्झन स्वतः इथे किती राहिला?

जन्म इथलाच, ११ जानेवारी १८५९. बालपण एका क्रूर गव्हर्नेसच्या हाताखाली गेलं. तिनं त्याला उंच टोकदार टोपी घालून गावातून फिरवल्याची आठवण त्यानं पुढे लिहून ठेवली. १८९९ ते १९०५ व्हाइसरॉय. घराची मालकी वडील वारल्यावर १९१६ मध्ये आली, पण राजकारणामुळे मुक्काम जास्त लंडनकडे. केडलस्टनची दुरुस्ती त्यानं मनापासून करून घेतली. १९२५ मध्ये तो गेला. मुलगा नव्हता, घर पुतण्याकडे गेलं.

एका बाबतीत त्याला श्रेय द्यावंच लागतं. बंगालची फाळणी करणाऱ्या याच माणसानं १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणला आणि मरगळलेल्या पुरातत्त्व खात्यात जॉन मार्शलला आणून जीव ओतला. इंग्लंडमध्येही टॅटरशॉल आणि बोडियम हे दोन किल्ले त्यानं विकत घेऊन वाचवले आणि नॅशनल ट्रस्टला देऊन टाकले. दगडांबद्दल जिव्हाळा, माणसांबद्दल तुसडेपणा. हे माझं मत, पण गोखले-टिळकांनाही फार वेगळं वाटलं नसावं.

मोराचा पोशाख बघायला मिळतो का?

मिळतो आणि तो चुकवू नका. १९०३ च्या दिल्ली दरबारात कर्झनची पत्नी मेरी नाचाच्या रात्री हा झगा घालून आली. शिवला पॅरिसच्या वर्थ या पेढीनं, पण कापडावरचं जरदोजी काम दिल्लीच्या कारागिरांचं. सोन्या-रुप्याच्या तारांनी मोरपिसं भरलेली, प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरवं-निळं चमकणारं काहीतरी. लोकांना ते पाचू वाटतात. ते भुंग्याच्या जातीच्या किड्याचे कडक पंख आहेत, सुईनं टाचलेले. शंभराहून जास्त वर्षं झाली, रंग तसाच आहे, कारण तो रंगवलेला नाहीच. झग्याचं वजन साडेचार किलोच्या आसपास. भारी पैठणी किंवा शालू नेसून लग्नात दिवसभर वावरलेल्या बायकांना हे वजन सांगावं लागत नाही.

मेरी शिकागोच्या व्यापारी लायटर कुटुंबातली. १९०६ मध्ये छत्तिसाव्या वर्षी ती गेली.

संग्रहालयातल्या भारतीय वस्तू लुटीच्या आहेत का? परत का देत नाहीत?

तळमजल्यावरचं ईस्टर्न म्युझियम म्हणजे कर्झननं आशियाभर फिरताना आणि व्हाइसरॉय असताना जमवलेल्या वस्तू: शस्त्रं, हस्तिदंत, कापड, भांडी. त्यात विकत घेतलेलं आहे आणि भेट मिळालेलं आहे. वेल्समधल्या पोविस किल्ल्यात टिपूच्या वस्तू आहेत. श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांची वाटणी झाली, तिथे ‘लूट’ म्हणायला अडखळावं लागत नाही. इथलं प्रकरण जास्त गुंत्याचं. संस्थानिकानं व्हाइसरॉयला दिलेली भेट कितपत राजीखुशीची असते? नाही म्हणायची सोय होती का? माझं उत्तर, फारशी नव्हती. प्रत्येक वस्तूचा माग काढून तो तिथल्या पाटीवर लिहावा, एवढी मागणी तरी रास्त आहे.

हे घर नॅशनल ट्रस्टकडे कसं गेलं?

करांमुळे आणि खर्चामुळे. १८९४ पासून इंग्लंडमध्ये मोठ्या वारशांवर मृत्युकर बसला. शेतीचं उत्पन्न घसरलं, महायुद्धांनी नोकरचाकर गेले. विसाव्या शतकात अशी हजाराहून जास्त घरं पाडली गेली. केडलस्टनमध्ये दुसऱ्या महायुद्धात सैन्याचा तळ होता. कुटुंबाला पुढे खर्च झेपेना. १९८७ मध्ये नॅशनल हेरिटेज मेमोरियल फंडाच्या मदतीनं घर ट्रस्टकडे आलं. घराण्याची माणसं अजूनही कुटुंबाच्या पंखात राहू शकतात, म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी ठरलेली वाटणी तीच: मधलं घर बघणाऱ्यांचं, बाजूचं राहणाऱ्यांचं.

किती वेळ काढून जावं? आजी-आजोबांना झेपेल का?

अर्धा दिवस तरी हवाच. डर्बी स्टेशनपासून घर पाचेक मैलांवर आहे, स्वतःची गाडी किंवा टॅक्सी सोयीची. हिवाळ्यात घर अनेकदा बंद आणि बाग तेवढी उघडी असते, म्हणून निघण्याआधी ट्रस्टच्या वेबसाइटवर वेळा बघा. वर्षातून तीन-चार ठिकाणं होणार असतील तर सदस्यत्व स्वस्त पडतं.

मुख्य दालनं वरच्या मजल्यावर आहेत. गुडघे दुखत असतील तर तिथल्या स्वयंसेवकांना आधी विचारा. बहुतेक निवृत्त मंडळी असतात आणि विचारलं की भरभरून सांगतात. उन्हाळ्यातसुद्धा एक स्वेटर जवळ असू द्या, मार्बल हॉल थंड असतो. तळ्याकाठी ॲडमनं बांधलेलं फिशिंग रूम आहे: वर मासे गळाला लावायची खोली, खाली थंड पाण्याचं न्हाणीघर. तिथपर्यंतची वाट सोपी आहे. लांबचा फेरा मात्र पावसानंतर चिखलाचा होतो, चपला-सँडल नकोत.

चर्चमध्ये जावं का, की वेळ वाया?

उघडं असेल तर जरूर जा. जुनं नॉर्मन दार बघण्यासारखं आहे आणि आत मेरीच्या आठवणीसाठी कर्झननं वास्तुविशारद जी. एफ. बोडलीकडून बांधून घेतलेलं दालन आहे. दोघांच्या संगमरवरी मूर्ती शेजारी-शेजारी आडव्या, शिल्पकार बर्ट्रम मॅकेनल. चर्चची देखभाल नॅशनल ट्रस्ट करत नाही, चर्चेस कन्झर्व्हेशन ट्रस्ट करतो. त्यामुळे घर उघडं असलं तरी चर्च उघडं असेलच असं नाही. आत शिरल्या शिरल्या तिकिटाच्या खिडकीवर विचारून घ्या आणि उघडं असेल तर आधी तेच उरका.